गिझर, सोलर, बंब आणि कूलर : निफाडच्या मळ्या-वस्त्यांवरून वारंवार येणारे प्रश्न

निफाड तालुक्यात गिझर, सोलर, कूलर आणि अधूनमधून बंब दुरुस्त करणं हा माझा धंदा. दिवाळी झाली की फोन तापतो आणि मार्च लागला की पुन्हा तापतो. तेच ते प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, बरेचसे व्हॉइस मेसेजमध्ये, मागे गाय हंबरत असते. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. घरात पाच माणसं आहेत. गिझर घ्यावा, सोलर बसवावा, गॅस गिझर घ्यावा की बंबच बरा?

आधी तीन गोष्टी सांगा: पाणी बोअरचं की नळाचं, संध्याकाळी आणि पहाटे व्होल्टेज किती असतं, आणि पाण्याची टाकी किती उंचावर आहे. यंत्र नंतर ठरवू. पहाटे व्होल्टेज पडत असेल तर विजेचा गिझर तुम्हाला रडवेल. टाकी बाथरूमच्या स्लॅबवरच बसवलेली असेल तर गॅस गिझर पेटणार नाही (प्रश्न ९). पाणी जड, म्हणजे क्षाराचं, असेल तर तांब्याच्या नळ्यांचा सपाट पॅनेलवाला सोलर लवकर चोंदेल, काचेच्या नळ्यांचा त्यातल्या त्यात तग धरतो.

माझं मत विचाराल तर मळ्यातल्या पाच माणसांच्या घराला १५० ते २०० लिटरचा नळ्यांचा सोलर बसवा आणि परसातला बंब मोडीत काढू नका. डिसेंबरात तीन दिवस ढग आले की सोलर झोपतो, आणि तेव्हा द्राक्षाच्या वाळक्या काड्यांवर तापलेलं बंबाचं पाणी कामाला येतं.

२. गिझर किती लिटरचा घ्यावा? दुकानदार २५ चा घ्या म्हणतो.

बादलीने अंघोळ करणाऱ्या घराला १५ लिटरचा पुरतो. गिझरमधलं पाणी ६० अंशांचं असतं, ते तुम्ही गार पाण्यात मिसळता, म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या सहज होतात. शॉवर असेल, किंवा लागोपाठ चार जणांना शाळा-ऑफिसला पळायचं असेल, तर २५ घ्या. ३ लिटरचा इन्स्टंट गिझर स्वयंपाकघरातल्या भांड्यांसाठी ठीक, पण तो बहुतेक ३ किलोवॅटचा असतो आणि आपल्याकडच्या लांब सर्व्हिस वायरीवर तो चालू केला की शेजारच्या खोलीतला दिवा मान टाकतो. घेताना आयएसआयचा शिक्का आणि स्टार लेबल पाहा. साठवणीच्या गिझरसाठी मानक आहे आयएस २०८२.

३. नवा २ किलोवॅटचा गिझर आहे, तरी पाणी तापायला पाऊण तास लागतो. कंपनीने फसवलं का?

नाही. मीटर लावून पाहा, व्होल्टेज पडलेलं असणार. हिशेब असा: १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण पाऊण युनिटहून किंचित जास्त वीज लागते. २३० व्होल्टला २ किलोवॅटचा गिझर ते काम २३-२४ मिनिटांत करतो. पण व्होल्टेज कमी झालं की शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १८० व्होल्टला तुमचा २००० वॅटचा गिझर सव्वाबाराशे वॅटचा उरतो आणि ३८ मिनिटं घेतो. १५० व्होल्टला साडेआठशे वॅट, म्हणजे जवळजवळ तासभर.

यात एक समाधान असं की बिल वाढत नाही. वेळ जास्त लागतो, युनिट जवळपास तेवढेच पडतात. गिझरला स्टॅबिलायझर लावू नका, पैसे वाया जातात. पहाटे सगळी वस्ती एकदम गिझर लावते तेव्हा लावण्यापेक्षा रात्री दहाला तापवून ठेवा, चांगल्या टाकीत सकाळपर्यंत पाणी अंघोळीपुरतं गरम राहतं. व्होल्टेज ठीक असूनही वेळ लागत असेल तर प्रश्न ६ पाहा, क्षार बसले असतील.

४. नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. स्लिपर घालून अंघोळ केली तर चालेल ना?

नाही चालणार. आत्ता, हे वाचता वाचता, उठून गिझरचा स्विच बंद करा आणि मेन पाडा. झिणझिण्या म्हणजे पाणी तापवणारा आतला एलिमेंट फुटून वीज पाण्यात उतरली आहे आणि तिला जमिनीत जायला दुसरी वाट नाही. आज झिणझिण्या आहेत, उद्या ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिलेला पोरगा असेल.

इथे दोन बिघाड एकत्र झालेले असतात. एलिमेंट फुटणं हा पहिला, तो कधी ना कधी होतोच. दुसरा खरा गुन्हेगार: अर्थिंग नसणं. गिझरला तीन पिनांची वायर असते, पण भिंतीतल्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात मागून वायरच जोडलेली नसते. मी उघडलेल्या जुन्या घरांतल्या सॉकेटांत हे इतक्यांदा पाहिलंय की आता गिझर खोलण्याआधी सॉकेट खोलतो. एका मळ्यात अर्थिंगची हिरवी वायर भिंतीतून व्यवस्थित बाहेर आली होती, बाहेर पाहिलं तर तिचं टोक पेरूच्या झाडाला गुंडाळलेलं! मालकांचं म्हणणं, झाडाची मुळं जमिनीतच असतात की.

अर्थिंग नीट असेल तर फुटलेल्या एलिमेंटची वीज थेट जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. खड्डा खणून पाइप किंवा प्लेट पुरतात, भोवती कोळसा-मीठ घालतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावापुरतं राहतं हे कोणी लक्षात घेत नाही. मार्च ते जून आठवड्याला एक बादली पाणी त्या पाइपात ओता. तपासायला वायरमन फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॅटचा बल्ब लावून पाहतात. बल्ब फेज-न्यूट्रलवर पेटतो तसाच लख्ख पेटला तर ठीक, मिणमिणला तर अर्थिंग गेलेलं. हे काम वायरमनलाच करू द्या.

आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. जुने लोक तिला ईएलसीबी म्हणतात. वीज वाट चुकून माणसातून किंवा भिंतीतून जाऊ लागली की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडते. बसवल्यावर ती सारखी पडते म्हणून काही जण काढून टाकतात. ती सारखी पडते कारण घरात कुठेतरी गळती आहे. ती शोधा.

५. रॉडने बादलीत पाणी तापवणं इतकं धोक्याचं आहे का? आम्ही वीस वर्षं वापरतोय.

धोक्याचं आहे, पण वीस वर्षं का निभावलं तेही सांगतो: बादली प्लास्टिकची होती आणि घरातलं कोणीतरी जबाबदार माणूस बटण बंद करूनच हात घालत होतं. रॉड वापरणार असाल तर लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची बादली नको, पाण्यात बुडल्यावरच बटण चालू, आणि बटण बंद करून प्लग उपसल्यावरच बाहेर. पाणी तापलं का ते बोट घालून पाहायची सवय मोडा. घरात लहान मूल असेल तर माझं उत्तर सरळ ‘नको’ आहे. प्लग १६ अँपिअरचा हवा. दिव्याच्या ६ अँपिअरच्या प्लगवर रॉड लावला की प्लग वितळतो, जळक्या बेकलाइटचा वास पहिल्यांदा येतो तो याचाच.

६. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. गिझरमधून खदखद, कडकड आवाज येतो. फुटेल का?

फुटणार नाही, पण एलिमेंटचे दिवस भरत आलेत. पिण्याच्या पाण्यासाठी जडपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम धरतात, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपल्या भागातल्या खोल बोअरचं पाणी पहिली मर्यादा सहज ओलांडतं. असं पाणी तापलं की त्यातला चुना एलिमेंटवर बसतो, थरावर थर. थराखाली अडकलेलं पाणी उकळून फुटतं, तोच आवाज.

मागच्या हिवाळ्यात एक गिझर खोलला. चार वर्षांत कोणी हात लावला नव्हता. एलिमेंट बाहेर येईना, कारण तो मक्याच्या कणसाएवढा जाड झाला होता. शेवटी हलक्या हाताने ठोकून ठोकून काढला. टाकीच्या तळातून निघालेल्या पांढऱ्या खपल्यांनी अर्धं घमेलं भरलं. १५ लिटरच्या टाकीत पाणी मावत होतं १२ लिटर.

जड पाणी असेल तर दरवर्षी दिवाळीआधी गिझर खोलून साफ करून घ्या. एलिमेंट लिंबूसत्त्वाच्या गरम द्रावणात काही तास ठेवला की थर सुटतो. बाथरूम साफ करायचं ॲसिड टाकीत ओतू नका. थर जातो, त्याबरोबर टाकीचं आतलं अस्तरही जातं. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, तिला ॲनोड रॉड म्हणतात. गंज टाकीऐवजी त्या कांडीला खातो. ती संपली की पाळी टाकीची. खोललाच आहे तर कांडी पाहायला सांगा, पेन्सिलीसारखी बारीक झाली असेल तर बदला. गरम पाणी तांबूस येत असेल तर उशीर झालाय.

७. गिझरच्या खालच्या वॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी पडतं. मी तिथे बूच मारलं तर?

बूच मारू नका! तो सेफ्टी वॉल्व्ह आहे. पाणी तापताना फुगतं. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर गेलं की जवळजवळ पाव लिटर वाढतं, आणि मागे वन-वे वॉल्व्ह असल्याने त्याला त्याच वाटेने बाहेर यावं लागतं. तापत असताना वाटीभर पाणी पडलं तर सगळं ठीक चाललंय. खाली बारीक नळी लावून मोरीत सोडा.

गिझर बंद असतानाही रात्रंदिवस ठिबकत असेल तर वॉल्व्हमध्ये क्षार अडकला आहे, बदलून घ्या. आणि वाफ किंवा उकळतं पाणी फसफसत बाहेर येत असेल तर थर्मोस्टॅट चिकटलाय. मेन बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडून ठेवा आणि मग फोन करा.

८. गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवला आहे. झरोका आहे, मग काय अडचण?

झरोका थंडीत तुम्ही पुठ्ठा लावून बंद करता, ही अडचण. गॅस जळायला हवेतला प्राणवायू लागतो. बंद मोरीत तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास असतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला, जळून तयार झालेल्या या वायूला तसं काही नसतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं, आणि दाराची कडी काढता येत नाही.

गिझर बाहेरच्या भिंतीवर, उघड्या हवेत, वर पत्र्याची छपरी करून लावा. फक्त गरम पाण्याचा पाइप आत न्या. सिलिंडरही आत नको, गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. रबरी नळी आयएसआयची घ्या आणि पाच वर्षांनी बदला. कुणाला आत असताना गरगरलं तर आधी दार उघडून त्याला बाहेर मोकळ्या हवेत आणा, गिझर मागाहून बंद करा, आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात दाखवा.

‘आतच बसवून द्या, बाहेर चोरीला जाईल’ असं म्हणणाऱ्यांचं काम मी घेत नाही. यावर बरेच जण रागावलेत.

९. गॅस गिझर टकटक करतो पण पेटत नाही.

टकटक येते म्हणजे ठिणगी पडतेय, गॅस पोहोचत नाही: सिलिंडर संपलाय, रेग्युलेटर बंद आहे किंवा बर्नरच्या भोकांत कुंभारमाशीने मातीचं घर केलंय. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, पावसाळ्यानंतर पहिल्यांदा चालू केलेल्या गिझरात ते हमखास सापडतं. टकटक मंद असेल तर खालच्या डबीतले दोन सेल बदला.

टकटकच येत नसेल तर पाण्याचा दाब नाही. पाण्याच्या दाबाने आतला पडदा उचलला गेला तरच हा गिझर सुरू होतो. दहा फूट उंचीचं पाणी साधारण ०.३ बार दाब देतं आणि बहुतेक गिझरांना तेवढा तरी लागतो. टाकी बाथरूमच्या छतावरच असेल तर लोखंडी घोडी करून उंच उचला किंवा लहान प्रेशर पंप लावा. आत जाणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती आधी धुऊन पाहा. निम्मे फोन त्या जाळीवर मिटतात.

१०. सोलर बसवून दोन वर्षं झाली. पहिल्या वर्षी कढत पाणी यायचं, आता कोमट.

शिडी लावून वर जा आणि नळ्यांची खालची टोकं पाहा. चांगल्या नळीचं टोक आतून आरशासारखं चंदेरी असतं. ते दुधासारखं पांढरं झालं असेल तर त्या नळीतली निर्वात पोकळी गेली, ती नळी आता उष्णता धरत नाही. तेवढीच बदला.

सगळी टोकं चंदेरी असतील तर नळ्यांवर बोट फिरवा. बागेतल्या फवारणीचा पांढरट थर, रस्त्याची धूळ बसलेली असते. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा, सकाळी, ऊन चढायच्या आत (का ते प्रश्न ११ मध्ये). जड पाणी असेल तर नळ्यांच्या तळाशी गाळ साचतो, वर्षा-दोन वर्षांनी नळ्या काढून धुवाव्या लागतात.

तरीही पाणी कोमटच? मग सावली शोधा. सोलर बसवला तेव्हा शेवगा कमरेएवढा होता, आता छतावर गेलाय. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीसुद्धा सूर्य साधारण ४६ अंशांवरच असतो, त्यामुळे उन्हाळ्यात न पडणारी सावली थंडीत पडते. आणि एकदा घरातच चौकशी करा. संध्याकाळी भांड्यांना, जनावरांच्या आंबोणाला गरम पाणी कोण वापरतं? तेवढं गार पाणी टाकीत शिरतं आणि रात्रभरात सगळं कोमट होतं. हे सांगितल्यावर एका घरात सासू-सुनेने एकदमच एकमेकींकडे पाहिलं होतं.

११. कुणी हात लावला नाही, तरी सोलरच्या नळ्या आपोआप फुटल्या. थंडीमुळे का?

आपल्याकडच्या थंडीने नळ्या फुटत नाहीत. निफाडचा पारा पाचाच्या खाली उतरतो, बागेत शेकोट्या कराव्या लागतात, तरीही नाही. नळ्या फुटतात उन्हात. बोअरची मोटर बिघडली, वरची टाकी रिकामी झाली, सोलरमधलं पाणी संपलं आणि रिकाम्या नळ्या दिवसभर तापल्या. मग दुपारी दोनला मोटर दुरुस्त झाली आणि गार पाणी एकदम आत गेलं: काच तडकली. सोलर रिकामा झाला असेल तर अंधार पडेपर्यंत किंवा पहाटेपर्यंत थांबून मगच पाणी सोडा. घाई असेल तर नळ्या ताडपत्रीने झाका आणि काही तास थांबा.

दुसरं कारण गारपीट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारांनी बागांबरोबर छतंही झोडपली होती. गारा येणार असं दिसलं तर वर शेडनेटची दुहेरी घडी ताणून बांधा.

एक अपवाद: नळ्या शाबूत आणि टाकीच पिचलेली दिसली, तर हवेची उभी नळी कोणीतरी बंद केली आहे किंवा चिमणीने तिच्यात घरटं केलंय. ती नळी गार पाण्याच्या टाकीपेक्षा उंच आणि उघडी हवी.

१२. सोलर वॉटर हीटरला सरकारी अनुदान मिळतं का? पीएम सूर्यघरमध्ये बसतं ना?

बसत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे: २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्यापुढे एकूण ७८,००० रुपये. पाणी तापवायचा सोलर वेगळा. त्याला अनुदान मिळवून देतो म्हणून कुणी आगाऊ पैसे मागत असेल तर देऊ नका. छतावर पॅनेल बसलेच असतील तर त्या विजेवर साधा गिझर दिवसा चालवता येतो.

१३. आजोबांचा तांब्याचा बंब बुडातून गळतो. दुरुस्त होईल की भंगारात द्यावा?

द्यायची घाई करू नका. बंब गळतो तो बहुधा सांध्यातून, आणि सांधा वितळतो तो पाणी न भरता जाळ केल्यामुळे. मधल्या नळीत काड्या पेटवायच्या आधी पाणी भरलेलं हवं, एवढा एकच नियम. तांबट असेल तर झाळून देतो, नाशिकला ही कामं करणारे अजून आहेत. पत्राच झिजून पातळ झाला असेल तर मात्र झाळलेलं टिकत नाही.

जळणाला छाटणीच्या काड्या उत्तम, पण ऑक्टोबर छाटणीच्या लगेच नकोत, ओल्या काडीचा धूर होतो. एप्रिल छाटणीच्या काड्या पावसाआधी छपरात रचून ठेवा. ड्रिपच्या जुन्या नळ्या आणि औषधाचे रिकामे डबे बंबात जाळू नका. राख रोज काढा, जाळी मोकळी असली की जाळ धरतो. बंबाचं झाकण कधीही घट्ट बसवू नका, आणि त्याला वरच्या टाकीची लाइन जोडून सगळीकडून बंद करण्याचा उद्योग तर मुळीच नको. वाफेला वाट मिळाली पाहिजे.

१४. कूलर नुसता वारा देतो, गारवा नाही. उलट अंग चिकट होतं.

खिडकी उघडा. खोली बंद करून कूलर लावणं ही एसीची सवय. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, ती ओली हवा बाहेर गेलीच पाहिजे. कूलर बाहेरून आत वारा टाकेल असा खिडकीत बसवा आणि समोरची खिडकी किंवा दार फटभर उघडं ठेवा. बाहेर ४० अंश आणि हवा अगदी कोरडी असेल तर चांगला कूलर २६-२७ अंशांचा वारा देतो. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच कूलर निकामी वाटतो. तेव्हा पंप बंद करून पंख्यासारखा वापरा.

पॅडचा काही भाग कोरडा असेल तर वरच्या पन्हळीची भोकं क्षाराने बंद झालीत, तारेने मोकळी करा. गवताची पॅड दर हंगामाला बदला. हनीकोंब, म्हणजे पोळ्यासारखा जाळीदार पॅड, जास्त टिकतो, पण बोअरच्या पाण्याने तोही दगड होतो. टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण काढून टाका. नुसती भर घालत राहिलात तर क्षार वाढत जातो, आणि डासही.

१५. पत्र्याचा कूलर घरीच जोडलाय. कधीकधी करंट लागतो, मग प्लग उलटा लावला की थांबतो.

प्लग उलटा केल्याने करंट थांबला असं वाटतं, गळती तिथेच असते. पत्र्याची बॉडी, आत पाणी, दोन पिनांची वायर आणि शेजारी रांगणारं बाळ, असा हा सगळा जुळून आलेला प्रकार आहे. तीन पिनांची वायर टाका आणि अर्थ बॉडीला नटबोल्टने आवळा, रंग खरवडून. बाकीचं प्रश्न ४ मध्ये आहे. पाणी भरताना प्लग काढायचा, बटण बंद करून भागत नाही, कारण बटण न्यूट्रलवर असलं तर बंद असूनही फेज आतच असते.

१६. विहिरीच्या मोटारीच्या लाइनवरून घराला एक फेज घेतली आणि न्यूट्रल म्हणून लोखंडी सळई जमिनीत ठोकली. सगळं चालतंय. काही हरकत?

शेतीपंपाची जोडणी घराला वापरणं नियमात बसत नाही, तो भाग तुम्ही महावितरणशी निस्तरा. मला सळईची भीती वाटते. जी वीज तुमच्या गिझरमधून जाते तीच त्या सळईतून जमिनीत उतरते. जमीन कोरडी झाली की सळई आणि भोवतालची माती जिवंत होते. चार पायांच्या जनावराचे पुढचे आणि मागचे पाय लांब अंतरावर असतात, म्हणून आधी बैल किंवा गाय जाते. सळई आजच काढा.

यालाच लागून दुसरा प्रश्न येतो: अचानक दिवे लख्ख झाले आणि टीव्ही, कूलर, सगळं एकदम जळालं. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की असं होतं, घरातला दाब ३००-४०० व्होल्टपर्यंत चढतो. दिवे नेहमीपेक्षा प्रखर झाले की विचार न करता मेन पाडा आणि वायरमनला बोलवा. जास्त व्होल्टेजला लाइन तोडणारं यंत्र मेन बोर्डात बसवता येतं, आणि वस्तीवरच्या घरात ते स्टॅबिलायझरपेक्षा जास्त कामाचं.

१७. मळ्यातल्या घरात एसी चालेल का? आणि दरवर्षी गॅस भरावा लागतो का?

इन्व्हर्टर एसी कमी व्होल्टेज बऱ्यापैकी सोसतो, चालेल. पण छत पत्र्याचं असेल तर आधी छताचं पाहा. पत्र्यावर पांढरा चुना मारा, खाली सीलिंग करा. नाहीतर दीड टनाचा एसी पत्र्याशी झुंजत बसतो.

गॅस दरवर्षी संपत नाही. ती बंद नळी आहे, गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरून जाणारा मिस्त्री पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक पक्कं करून जातो. गारवा कमी वाटला तर आधी बाहेरच्या युनिटची जाळी पाहा, फवारणीचा थर आणि धूळ बसून ती बंद झालेली असते. ती धुवायला काही जण फवारणीची जोरदार दाबाची एचटीपी गन मारतात. तिने द्राक्षाचा घड धुतला जातो, एसीच्या पातळ पट्ट्या मात्र चपट्या होतात. साध्या पाइपचं पाणी पुरे.

१८. पोल्ट्रीतल्या पिल्लांना ऊब आणि गोठ्यातल्या गायींना गारवा, ही कामं करता का?

करतो. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत जायचं. थर्मामीटरपेक्षा पिल्लं खरं सांगतात: ब्रुडरखाली (ऊब देणाऱ्या शेगडीखाली) गठ्ठा करून बसली तर थंडी, कडेला पळून चोच उघडून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त, सगळीकडे सारखी पसरली तर बरोबर. गॅस ब्रुडरला घरचा १४.२ किलोचा सिलिंडर लावू नका, तो घरगुती वापरापुरताच आहे. १९ किलोचा व्यावसायिक घ्या. आणि पडदे सगळीकडून बंद करून ब्रुडर पेटवलात तर प्रश्न ८ मधला वायू पिल्लांनाही तसाच लागतो.

गोठ्यात कूलर नको. उंच छप्पर, फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे) आणि मोठा पंखा, तेही एकत्र. नुसते फॉगर लावून वारा नसेल तर गोठा दमट होतो आणि गाय जास्त धापा टाकते. फॉगरच्या बारीक भोकांना बोअरचं पाणी पंधरवड्यात बुजवतं, म्हणून आधी फिल्टर.

१९. सर्व्हिस कधी करून घ्यावी, आणि फोन करताना काय सांगावं?

गिझर आणि सोलर नवरात्रात, कूलर होळीच्या आधी. दिवाळीनंतरच्या पहिल्या कडाक्याच्या सकाळी सगळ्यांचेच फोन येतात आणि तेव्हा मी तीन-चार दिवसांनी पोहोचतो. फोनवर ‘गिझर बिघडला’ एवढंच सांगू नका. लाल दिवा लागतो का, पाणी येतं का, आवाज येतो का, लाइट कधीपासून कमी-जास्त होतेय, एवढं सांगा. जमल्यास मागच्या स्टिकरचा फोटो पाठवा, म्हणजे योग्य एलिमेंट बरोबर आणता येतो आणि दुसरी फेरी वाचते. येण्याआधी वरची टाकी भरून ठेवा, आणि कुत्रा बांधा.